गाडी रस्त्यात असताना दार लावू नका : निर्यातीचे नियम लिहिणाऱ्या साहेबांना खुलं पत्र

दिल्लीत बसून निर्यातीच्या अधिसूचना लिहिणाऱ्या सर्व साहेबांना,

स.न.वि.वि.

मी नाशिक जिल्ह्यातला कांदा व्यापारी. फार मोठा नाही, वर्षाला मोजक्याच गाड्या बाहेर पाठवतो आणि त्यातल्या बऱ्याच नेपाळला जातात. घरची थोडी शेती पण आहे, त्यामुळे शेतकरी समजा किंवा व्यापारी समजा, बोलणं एकच आहे. आत्ता पत्र लिहायचं कारण एवढंच की आत्ता बंदी नाहीये. १ एप्रिल २०२५ पासून कांद्यावरची निर्यात ड्युटी पण गेली, गाड्या बिहारमधल्या रक्सौलच्या नाक्यावरून पलीकडे नेपाळात जातायत. भावाचं रडगाणं वेगळं आहे, ते या पत्रात आणत नाही. बंदी लागली की सगळेच ओरडतात, रस्ते अडतात, चॅनेलवाले येतात, त्या गोंधळात कोणाचं पत्र कोण वाचणार, म्हणून शांत वेळ बघून लिहितोय आणि शेवटपर्यंत वाचा अशी हात जोडून विनंती आहे.

आधी काय झालं ते सांगतो.

डिसेंबर २०२३ ची गोष्ट. ४ तारखेला मी एक गाडी भरली, २५ टन लाल कांदा, ५० किलोच्या ५०० जाळीच्या गोण्या. शेतकऱ्यांचे पैसे लिलावाच्या दिवशीच देऊन टाकले होते, हमाली तोलाई सगळं चुकतं केलं होतं, रक्सौलच्या पलीकडे नेपाळमधलं बीरगंज, तिथल्या व्यापाऱ्याशी सौदा फोनवर पक्का होता. धुळे, इंदूर करत गाडी उत्तर प्रदेशात शिरली. आमच्याकडून रक्सौल म्हणजे दीड हजार किलोमीटरच्या वर, चार-पाच दिवस सहज जातात आणि डिसेंबरात तिकडे धुकं एवढं असतं की रात्री गाडी चालवताच येत नाही, ड्रायव्हर ढाब्यावर लावून झोपतो आणि सकाळी दहा वाजल्याशिवाय निघत नाही. ७ तारखेची अधिसूचना निघाली, ८ तारखेपासून कांदा निर्यात बंद, ३१ मार्चपर्यंत. मला ८ ला सकाळी रक्सौलच्या क्लिअरिंग एजंटचा फोन आला, भैया गाडी कुठं आहे, मी म्हटलं गोरखपूरच्या अलीकडे, तो म्हणाला आता आणून उपयोग नाही.

त्या दिवशी इकडे मुंबई-आग्रा हायवेवर शेतकरी उतरले होते, लिलाव बंद पडले होते, भाव एका दिवसात कोसळला होता. त्या बातम्या तुमच्यापर्यंत आल्याच असतील. माझ्या गाडीची बातमी नव्हती. तशा किती गाड्या रस्त्यात असतील त्याचा हिशोब कोणी ठेवला असेल असं मला वाटत नाही.

मी ती अधिसूचना मोबाइलवर चार वेळा वाचली. सूट होती त्यात, नाही असं नाही. ज्या कांद्याचं जहाजात लोडिंग सुरू झालंय तो जाऊ द्या. ज्याचं शिपिंग बिल, म्हणजे कस्टमला द्यायचा निर्यातीचा कागद, भरलंय आणि जहाज बंदरात लागलंय किंवा नांगर टाकून उभं आहे तो जाऊ द्या. आणि जो माल आधीच कस्टमच्या ताब्यात गेलाय, त्यांच्या सिस्टिममध्ये नोंदलाय तो जाऊ द्या. यासाठी ५ जानेवारीपर्यंत मुदत पण होती. वाचून पहिल्यांदा बरं वाटलं, मग लक्षात आलं की यात माझी गाडी कुठेच बसत नाही. नेपाळला जहाज जात नाही साहेब. तिथे समुद्रच नाही. माझ्या गाडीला ना जहाजासारखा बंदरातला रोटेशन नंबर ना धक्क्यावरची जागा, ती धुक्यात एका ढाब्यासमोर उभी होती आणि कस्टमच्या गेटपर्यंत पोचायला तिला अजून एक दिवस लागणार होता.

आता याच्या शेजारी दुसरं चित्र ठेवा. आमच्याकडून न्हावाशेवा बंदर पाच-सहा तासांवर. दुबईला माल पाठवणारा माझा मित्र रात्री गाडी भरतो आणि सकाळी ती पोर्टच्या हद्दीत असते. म्हणजे एकाच दिवशी एकाच मार्केटमधून निघालेल्या दोन गाड्या, त्यातली समुद्राकडे गेलेली सुटू शकते आणि जमिनीवरून शेजाऱ्याकडे चाललेली अडकते. मुद्दाम कोणी केलं असं मी म्हणत नाही, लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर निर्यात म्हटलं की बंदर आणि जहाज आलं असणार, रक्सौलची धूळ आली नसणार. पण ज्या देशाला बंदरच नाही त्याच्यावर त्या एका वाक्याचा मार सगळ्यात जास्त बसतो, आणि त्याच्यासाठी माल भरणाऱ्या आमच्यासारख्यांवरही.

गाडी मी तरी रक्सौलपर्यंत नेली, वाटलं एक-दोन दिवसात खुलासा येईल. नऊ दिवस उभी होती. मी स्वतः रेल्वेने गेलो. ड्रायव्हर आणि क्लीनर गाडीशेजारी विटांवर खिचडी शिजवत होते, मागेपुढे तशाच कांद्याच्या गाड्या, कोणी गुजरातचा कोणी मध्य प्रदेशचा. लाल कांदा हा टिकणारा कांदा नाही हे तुम्हाला माहीत असेलच, उन्हाळ कांदा चाळीत पाच-सहा महिने राहतो, लाल कांद्याचं तसं नाही, त्यात पाणी जास्त. ताडपत्री टाकली तर आत वाफ धरते आणि काढली तर धुक्याचं दव पडतं. पाचव्या दिवशी मी खालच्या थरातली एक गोणी ओढून उघडली, हात घातला तर आत गरम लागलं. कांदा गरम लागला की समजायचं. वरच्या पापुद्र्याखाली काजळी धरलेली, काहींना कोंब, तळाच्या गोण्यांमधून पाणी सुटून फाळक्यावरून खाली ठिबकत होतं. तो वास अजून नाकात आहे. शेवटी बिहारमधल्या एका मंडीत मिळेल त्या भावाने विकला, भाड्याचे पैसेसुद्धा निघाले नाहीत.

माझं नुकसान झालं, सोसलं, धंद्यात होतं. पण त्या नऊ दिवसांत मी पलीकडचं जे बघितलं त्यासाठी हे पत्र आहे.

रक्सौल आणि बीरगंज म्हणजे दोन देश आहेत असं तिथे गेल्यावर वाटतच नाही. मधे सिर्सिया नदी, त्यावर मितेरी पूल, म्हणजे मैत्रीचा पूल. टांगे इकडून तिकडे जातात, बायका तिकडून इकडे भाजी आणि औषधं घ्यायला येतात, बोली दोन्हीकडे भोजपुरीच. आपले शंभर रुपये म्हणजे त्यांचे एकशे साठ, हा हिशोब १९९३ पासून बदललेला नाही, तिथल्या पोराटोरांना पण तोंडपाठ आहे. कस्टमला ते भन्सार म्हणतात. मी ज्यांना माल देतो ते व्यापारी माझ्या वडिलांच्या वयाचे, मी त्यांना चाचाजी म्हणतो. ते मला पुलापलीकडे घेऊन गेले, घरी जेवायला बसवलं. डाळ, भात, भुजिया. चाचींनी भाजीला फोडणी कांद्याशिवाय दिली होती आणि मला, कांदा पाठवणाऱ्या माणसाला, ते वाढताना त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. काठमांडूत कालीमाटी म्हणून मोठं भाजी मार्केट आहे, तिथून चाचाजींना रोज फोन येत होते, माल कधी, माल कधी. नेपाळ जो कांदा खातो त्यातला बहुतेक आपल्याकडून जातो, आणि आपण बंद केलं की दुसरीकडून आणायला त्यांच्याकडे फार वाटा नाहीत.

श्रीलंकेला आपण कांदा नाही दिला तर तिला पाकिस्तानातून, इजिप्तमधून जहाज मागवता येतं. नेपाळने तेच जहाज मागवलं तरी ते लागणार कोलकात्याला किंवा विशाखापट्टणमला आणि तिथून माल आपल्याच रेल्वेने, आपल्याच रस्त्याने वर जाणार. नेपाळचा जवळपास दोन तृतीयांश व्यापार आपल्याशी आहे आणि उरलेल्यातलाही पुष्कळसा आपल्या अंगणातून जातो. तीन बाजूंना आपण आणि चौथीकडे हिमालय. समुद्र नसलेल्या देशाला समुद्रापर्यंत जायचा हक्क आहे हे १९८२ च्या समुद्र कायद्याच्या करारात लिहिलंय आणि आपणही त्यावर सही केलेली आहे. पण कागदावरचा हक्क आणि ढाब्यासमोर उभी गाडी यात फरक असतो.

चाचाजींनी त्या रात्री १९८९ चं सांगितलं. तेव्हा ते तरुण होते. मार्च महिन्यात दोन्ही देशांमधले व्यापाराचे आणि वाहतुकीचे करार संपले, नवे झाले नाहीत, आणि दोन नाके सोडून बाकी सगळे बंद. रॉकेलसाठी रात्रभर रांगा, लोकांनी जळणासाठी झाडं तोडली. मग २०१५. एप्रिलात भूकंप झाला, जवळपास नऊ हजार माणसं गेली, घरं अजून उभी राहिली नव्हती, आणि सप्टेंबरात नेपाळचं नवं संविधान आल्यावर पुन्हा बॉर्डर थंडावली, ती फेब्रुवारी २०१६ पर्यंत. भारत सरकारने सांगितलं की आम्ही नाकाबंदी केलेली नाही, संविधानावर नाराज असलेले तिकडचे मधेशी, म्हणजे आपल्या सीमेलगतच्या सपाट भागातले लोक, पुलावर बसलेत म्हणून गाड्या जात नाहीत. चाचाजी स्वतः मधेशी आहेत, त्यांच्या ओळखीची माणसं त्या पुलावर बसली होती, त्यामुळे ते एका बाजूने बोलत नाहीत. पण ते म्हणतात की काठमांडूत ज्या बाईला अर्धाच भरलेला गॅस सिलिंडर मिळाला, तोही दिवसेंदिवस थांबून, तिला कारणं कोणी कितीही सांगितली तरी तिच्या डोक्यात एकच बसलं, भारताने दार लावलं.

आणि त्याचा परिणाम काय झाला ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मार्च २०१६ मध्ये त्यांचे पंतप्रधान ओली बीजिंगला गेले आणि चीनशी ट्रान्झिटचा, म्हणजे त्यांच्या देशातून माल ने-आण करायचा करार करून आले. २०१९ मध्ये त्याचा प्रोटोकॉल झाला, चीनची चार बंदरं वापरायची परवानगी मिळाली. त्यातलं तिआनजिन नेपाळपासून तीन हजार किलोमीटरच्या वर आहे आणि कोलकाता बीरगंजपासून सातशेच्या आसपास. कुठला शहाणा व्यापारी सातशे सोडून तीन हजार किलोमीटर जाईल? तो जातो तेव्हा फायद्यासाठी जात नाही, भीतीपोटी जातो. डिसेंबर २०२३ ला पण तेच झालं, आमचा कांदा बिहारच्या मंडीत कुजत होता आणि काठमांडूचे व्यापारी चीनच्या कांद्याची चौकशी करत होते. नाशिकचा शेतकरी आणि काठमांडूचं गिऱ्हाईक, दोघांचं नुकसान एकाच कागदाने झालं.

तारखा पण बघा ना. २०१९ ची बंदी २९ सप्टेंबरला आली, त्या दिवशी घटस्थापना होती. आपल्याकडे नवरात्र बसतं तेव्हा तिकडे दशैं सुरू होतो, नेपाळचा वर्षातला सगळ्यात मोठा सण, बाहेरगावची माणसं घरी येतात, घरोघरी मटण शिजतं. त्या दिवशी आपण कांदा बंद केला. २०२० ला पुन्हा १४ सप्टेंबर. २०२३ मध्ये जुलैत बिगर बासमती पांढरा तांदूळ बंद झाला, मग नेपाळसाठी ९५ हजार टनांची खास परवानगी निघाली ती १८ ऑक्टोबरला, तोपर्यंत दशैं सुरू होऊन तीन दिवस झाले होते. परवानगी दिली हे चांगलंच केलं, मनापासून सांगतो. फक्त ती जुलैतच देता आली असती, नेपाळ काय जुलैनंतर नकाशावर आला का?

आणि कांद्याचं तर ते पण झालं नाही. बंदी ३१ मार्चनंतरही चालूच राहिली, आणि २७ एप्रिल २०२४ ला सरकारने कांदा द्यायच्या सहा देशांची यादी सांगितली, बांगलादेश, यूएई, भूतान, बहारीन, मॉरिशस, श्रीलंका, मिळून ९९,१५० टन. भूतानचं नाव बघून आनंद झाला, तोही समुद्र नसलेलाच शेजारी आहे. नेपाळचं नाव मी दोनदा शोधलं, नव्हतं. चाचाजींना फोनवर काय सांगू ते कळेना.

बंदीच घालू नका असं मी म्हणत नाहीये. शेतकरी म्हणून मनातून तेच वाटतं, पण मुंबई-दिल्लीत कांदा ऐंशी रुपये किलो झाला की तुमच्यावर काय प्रेशर येतं तेही समजतं. मी फक्त एवढंच म्हणतोय की आपण वर्षाला अडीच-तीन कोटी टन कांदा पिकवतो, त्यापुढे नेपाळची गरज एका टक्क्याच्या आसपास आहे. तेवढ्याने इथला भाव उतरत नाही. शिवाय तो कांदा अडवून अडतही नाही. बॉर्डर साडेसतराशे किलोमीटर उघडी आहे, मी स्वतः पाहिलं, सायकलच्या दोन्ही बाजूंना गोण्या बांधून पोरं शेताच्या बांधावरून पलीकडे नेत होती. कांदा जातोच, फक्त बिलाशिवाय जातो, मधला माणूस पैसा करतो आणि शेतकऱ्याला घसरलेलाच भाव मिळतो.

२०२३ च्या बंदीच्या आधी ऑक्टोबरात किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याखाली बाहेर विकायचं नाही असा भाव, लावलं होतं, टनाला ८०० डॉलर, म्हणजे किलोला ६७ रुपये. नेपाळशी आमचा व्यवहार आपल्या रुपयात होतो, तिथे डॉलर येतच नाही. तरी डॉलरचा नियम आम्हालाही लागू. इथेही तेच, नियम लिहिताना बंदरातला माल धरलाय, जमिनीवरच्या शेजाऱ्याचा विचारच केलेला नाही.

नेपाळनेही असं केलंय, ते लपवत नाही. जून २०१९ ला त्यांनी एकदम भारतीय भाजीपाल्याला कीटकनाशकांची तपासणी सक्तीची केली, तपासायची सोय बॉर्डरवर नव्हती, आपल्या भाजीच्या गाड्या रांगेत सडल्या, आणि दोन-तीन आठवड्यांत त्यांना तो निर्णय मागे घ्यावा लागला. तेव्हा आपण किती चिडलो होतो. तिकडचा आलं पिकवणारा शेतकरी, इलामचा चहावाला, त्यांच्या गाड्या टेस्टच्या रिपोर्टसाठी आपल्या हद्दीवर थांबतात तेव्हा त्यांनाही तसंच वाटत असणार.

कामं चांगली झालीत हो, ती मी बघितली आहेत. मोतीहारी ते अमलेखगंज ६९ किलोमीटरची पेट्रोलियम पाइपलाइन सप्टेंबर २०१९ ला सुरू झाली, आधी टँकरच्या रांगा लागायच्या, आता डिझेल नळाने जातं. रक्सौल-बीरगंजला मोठं चेकपोस्ट झालंय, पार्किंग, गोदाम, वजनकाटा सगळं. बीरगंजच्या ड्राय पोर्टपर्यंत, म्हणजे कंटेनर उतरवायच्या जमिनीवरच्या बंदरापर्यंत, थेट मालगाडी जाते, कंटेनरला इलेक्ट्रॉनिक सील लागतं. १ जून २०२३ ला ट्रान्झिटचा करार नव्याने झाला. नेपाळची ४० मेगावॅट वीज आपल्या तारांवरून बांगलादेशला जायला लागली, नोव्हेंबर २०२४ मध्ये. एवढं सगळं करोडो खर्चून, वर्षानुवर्षं बैठका घेऊन उभं केलं, आणि मग एका रात्रीत दोन पानांच्या कागदाने त्याच चेकपोस्टसमोर गाड्या उभ्या राहतात.

म्हणून मागणी सांगतो, मोठी नाहीये. पुढच्या वेळी कधी बंदी घालावी लागली, तर सूट लिहिताना जहाजाच्या ओळीखाली अजून एक ओळ लिहा, की नेपाळ आणि भूतानसाठी जी गाडी अधिसूचनेच्या आधी भरून निघाली आहे ती जाऊ द्यावी. पुरावा काय असं विचाराल, तर बाजार समितीची पावती आहे, वजनकाट्याची चिठ्ठी आहे, ट्रान्सपोर्टची बिल्टी म्हणजे माल भरल्याची पावती आहे, आणि सगळ्यात पक्का म्हणजे फास्टॅग, माझी गाडी कुठल्या टोलवर किती वाजून किती मिनिटांनी होती हे सरकारच्याच सिस्टिममध्ये आहे, त्यात खोटं करायला जागा नाही. बंदरातल्या मालाला तुम्ही तारीख-वेळेचा पुरावा मागताच, तोच रस्त्यावरच्या मालाला मागा, आम्ही देतो. दुसरं म्हणजे या दोन देशांचा कोटा बंदीच्याच कागदात लिहा, मागाहून त्यांच्या पत्राची वाट बघत बसू नका. गेल्या दोन-तीन वर्षांत महिन्याला सरासरी किती गेला ते कस्टमकडे आहेच, तेवढा चालू ठेवा, जास्त नको. आणि किमान मूल्य लावलंत तर रुपयातल्या शेजारी व्यापाराला वेगळं धरा.

यासाठी नवा कायदा लागत नाही, नवी इमारत लागत नाही, तुमच्यापैकी कोणीतरी पुढच्या ड्राफ्टमध्ये चार वाक्यं घालायची आहेत.

गेल्या आठवड्यात चाचाजींचा फोन आला होता. लाल कांद्याचा अॅडव्हान्स द्यायचा म्हणतायत, पण आधी विचारलं की रस्त्यात असताना बंद झालं तर नुकसान कोणाचं, अर्धं अर्धं करायचं का ते आत्ताच ठरवून घेऊ. पंधरा वर्षांच्या व्यवहारात त्यांनी असं पहिल्यांदा विचारलं. मी त्यांना सांगितलंय की दिल्लीला पत्र लिहितो आणि मग कळवतो. त्यांना काय कळवू ते सांगा.

आपला,
नाशिक जिल्ह्यातला एक कांदा व्यापारी आणि शेतकरी